जिफा

केटा नावाच्या गावी
एका बाजूला समुद्र, एका बाजूला खाजण,
मधे वाळूची अरुंद पट्टी, आणि तिच्यावर
एफो सेन्योचं फ्रीज दुरुस्तीचं छप्पर.

फ्रीज यायचे परदेशातून, वापरून झालेले,
जहाजाच्या पोटात उभे, पाठीला पाठ लावून.
एकाच्या दारावर अजून चिकटून होतं
कुठल्याशा बर्फाळ गावातल्या पोराचं चुंबकाचं बदक.
सेन्योनं ते काढलं नाही.
राहू दे, म्हणायचा, एवढ्या लांब आलंय बिचारं.

चाळीस वर्षं त्याच्या हाताची सवय अशी:
नळी कापायची, तोंड बाजूला करायचं,
फुस्स.
जुना वायू वाऱ्यावर.
रंग नाही, वजन जाणवत नाही,
जेवण झाल्यावरच्या सुस्काऱ्याइतकंच ते.
मग नवा भरायचा, पैसे मोजून घ्यायचे
आणि खाजणाकडे बघत कणीस सोलायचं.

जिफा त्याची शिकाऊ. तेवीस वर्षांची,
डाव्या अंगठ्यावर डाग देताना भाजल्याचा व्रण.
राजधानीत सहा आठवडे शिकून परतली
ती एक टाकी डोक्यावर घेऊन. रिकामी.
सेन्यो हसून हसून खाली बसला.
अगं, लोक शहरातून भरलेलं काहीतरी आणतात!

ती म्हणाली, एफो, तू सोडतोस तो सुस्कारा
कुठे जात नाही. वर जाऊन बसतो
आणि भर उन्हाळ्यात गोधडी पांघरतो आपल्यावर.
आपण एक पेटी गार करतो, आभाळ तापवतो,
मग लोकांना आणखी पेट्या लागतात,
मग ते आपल्याकडे येतात.
धंदा चांगला आहे, एवढं खरं.

वारा काय कुणाच्या बापाचा? तो म्हणाला,
आणि म्हणता म्हणता नजर गेली लाटांवर,
जिथे पाण्याखाली त्याच्या बापाचं घर आहे.
अंगण, विहीर, सगळं.
त्या पाण्याचा हिशेब
एकट्या फ्रीजच्या माथी मारता येत नाही,
हे दोघांनाही ठाऊक होतं.
तरी कुणी बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं नळीला पकड लावली.
थांबला.
आण, म्हणाला, तुझं ते रिकामं भांडं.

खरी पंचाईत पुढेच.
मासे विकणारी दादा अफी,
तिथे आईच्या वयाच्या बाईला दादा म्हणतात,
तिच्या पेटीत जिफानं भरला
चुलीत जळतो त्याच जातीचा वायू. मूठभर.
माझ्या घरात आग ठेवतेस?
आग नाही गं दादा, जिफा म्हणाली,
तिला कोंडून राबवायचं, जळू द्यायचं नाही.
म्हणजे सूनच की, असं अफी पुटपुटली.
आणि जिफा दिवसभर साबणाचा फेस घेऊन
एकेका सांध्याशी बसून राहिली,
बुडबुडा येतो का बघत,
तापानं फणफणलेल्या बाळाशी बसावं तशी.

मी तिथे चार दिवसांचा पाहुणा,
नावांचा नाद, म्हणून विचारलं.
जि म्हणजे काळीज. फा म्हणजे गार.
आणि शांतीला आम्ही म्हणतो
अंगाचा गारवा, ती म्हणाली,
पाना पुसता पुसता, वर न बघता.
माझ्या भाषेतही जीव गार होतो, मी म्हणालो.
मग बराच वेळ
नुसता त्या पेटीचा घुमणारा आवाज.

पहाटे अफीनं झाकण उघडलं,
तळाशी बोट टेकवलं, झटकन काढलं.
झोंबलं! म्हणाली,
आणि तेच बोट नातवाच्या गालाला लावलं.

निघताना पाहिलं:
छपराखाली ती टाकी. आता रिकामी नव्हती.
तिच्या पोटावर कुणीतरी
बदक लावून ठेवलं होतं.